एक्केचाळीस नंबरची पट्टी

रुग्णालयाच्या तळमजल्यावर माणसं सहसा येत नाहीत, आणि आलीच तर नाकाला रुमाल लावून येतात. तिथं तिनं सव्वीस वर्षं काढली. कुणाच्या शरीरातून काढलेला तुकडा बाटलीत बुडून वरून खाली यायचा. तो मेणात बसवायचा, मेणाचा ठोकळा बर्फावर गार करायचा, यंत्राला लावायचा आणि चाक फिरवत त्याचे काप काढायचे, हे तिचं काम. काप म्हणजे काकडीचे नव्हेत. केसाच्या जाडीचे वीस भाग केले तर त्यातला एक, इतका पातळ. असा काप बोटांत धरता येत नाही, जोरात श्वास सोडला तरी उडून जातो. म्हणून तो शेजारच्या भांड्यातल्या कोमट पाण्यावर सोडायचा. तिथं त्याच्या सुरकुत्या जातात. मग काच पाण्यात तिरकी घालून तो अलगद वर उचलायचा. पुढं त्याला रंग दिला की डॉक्टर मायक्रोस्कोपखाली बघतात आणि सांगतात, साधं आहे की वाईट आहे.

सगळी भानगड असते ती त्या पाण्याची. एका माणसाचा कणभर तुकडा पाण्यावर राहून गेला आणि पुढच्या माणसाच्या काचेवर जाऊन बसला, तर धडधाकट माणसाच्या रिपोर्टात दुसऱ्याचा कॅन्सर येतो. अशा भरकटलेल्या तुकड्याला त्या खोलीत 'पाहुणा' म्हणत. ती नोकरीला लागली त्या वर्षी तिच्या वरच्या माणसाच्या हातून एक पाहुणा आला होता. कपडे शिवून पोट भरणाऱ्या एका बाईला त्यापायी तीन आठवडे मरणाची तयारी करावी लागली. चूक उघडकीला आली तेव्हा ती बाई रडली नाही की भांडली नाही. नुसती म्हणाली, "मी माझ्या एकेका कपड्याला चिठ्ठी टाचून ठेवली होती, कुठला कुणाला द्यायचा त्याची." ते ऐकून नव्यानंच नोकरीला लागलेल्या हिनं कानाला खडा लावला.

तेव्हापासून तिची एक रीत. प्रत्येक ठोकळा कापून झाला की मऊ कागदाची नवी पट्टी फाडायची, पाण्यावरून एकदा उभी आणि एकदा आडवी फिरवायची, तिच्या कोपऱ्यावर पेन्सिलीनं नुकत्याच कापलेल्या ठोकळ्याचा नंबर टाकायचा आणि ती ओली पट्टी समोरच्या भिंतीवरच्या फरशीला चिकटवायची. संध्याकाळी सगळ्या पट्ट्या काढून मेणाच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या. पाणी सगळेच पुसत, पण नंबर टाकायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरचे टेक्निशियन, ज्यांना सगळे चष्मेवाले भाऊ म्हणत, ते चिडवायचे, "ताई, पट्ट्यांची हजेरी घेता का हो तुम्ही? आणि त्या पाण्यात चहापत्ती टाका एकदा, इथंच कपभर होऊन जाईल." ती मान वर न करता म्हणायची, "माझ्या मनाला पुरावा लागतो, भाऊ." सव्वीस वर्षांत तिच्या हातून एकही पाहुणा आला नाही. याचा तिला गर्व होता. नव्हता म्हणणं खोटं होईल.

नवरा अगदी उलट्या टोकाचा. रस्त्यापलीकडं बसस्टँड होता, तिथं तो गाड्यांची घोषणा करायचा. सगळं गाव त्याला रेडिओ म्हणायचं, कारण त्याच्या जिभेला हाड नव्हतं. नुसती गाडी सांगून थांबणं त्याला माहीतच नव्हतं. "फलाट तीनवरची गाडी सुटत आहे. हिरव्या छत्रीवाले आजोबा, छत्री बाकावर आहे आणि तुम्ही गाडीत आहात. दोघांपैकी एकानं दुसऱ्याकडं यावं." अख्खा स्टँड हसायचा. आगारप्रमुखांनी दोनदा समज दिली आणि तिसऱ्यांदा स्वतःच हसले.

तिच्या टेबलाच्या वर, छताला लागून, रस्त्याच्या पातळीवर उघडणारी एक बुटकी खिडकी होती. त्यातून कर्ण्याचा आवाज दिवसभर खाली यायचा. ती कमी बोलायची, पण ऐकायची फार. आवाजावरून तिला कळायचं, जेवलाय की नाही, झोप झालीय की नाही, सकाळच्या भांडणाचा राग उतरलाय की अजून नाकावर आहे. त्याला सर्दी व्हायची ती आधी तिला कळायची. थंडीवाऱ्यातही ती खिडकी तिनं कधी लावू दिली नाही.

त्या वर्षी तो आवाज लंगडायला लागला. दुसऱ्या कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. बुटात खडा गेल्यावर माणूस जसा पाऊल जपून टाकतो, तसे काही शब्द तो जपून टाकू लागला. घरी बघितलं तर जेवताना घास एकाच गालात. तिनं विचारलं, तर म्हणाला, "दात तुटलाय तो टोचतो. बाकी काही नाही." दात तुटून दोन वर्षं झाली होती. दातांच्या डॉक्टरकडं जायचं म्हटलं की हा गृहस्थ गावभर लपायचा.

"तोंड उघडा बघू," ती म्हणाली.

"तीस वर्षं तोंड बंद करा म्हणालीस, आणि आज उघडा?"

"उघडा म्हणते ना."

तिनं टॉर्च लावला. जिभेच्या कडेला, तुटक्या दाताच्या बरोबर समोर, शर्टाच्या बटणाएवढा पांढरट डाग होता आणि त्याला लालसर कड. तिनं बोट लावलं. मऊ जिभेत तेवढीच जागा कडक लागली. सव्वीस वर्षं तिनं तुकडे पाहिले होते, तुकड्याभोवतीचा माणूस कधी पाहिला नव्हता.

"काय आहे?"

"उद्या दाखवून येऊ."

तो पुढं काहीतरी गमतीचं बोलणार होता. तिच्या चेहऱ्याकडं बघून त्यानं तोंड मिटलं. मग म्हणाला, "तंबाखू नाही, सिगारेट नाही, दारू नाही. मला कशाला काय होईल?" असं म्हणणाऱ्यांच्याही बाटल्या खाली येत, हे तिला माहीत होतं.

मंगळवारी वरच्या डॉक्टरांनी जिभेचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढला. बुधवारी सकाळी तो मेणाच्या ठोकळ्यात बसून तिच्या टेबलावर आला. नंबर बेचाळीस.

त्या खोलीत एक संकेत होता. आपल्या माणसाचा तुकडा आपण कापायचा नाही. चष्मेवाल्या भाऊंनी हात पुढं केला. तिनं ठोकळा आणखी जवळ ओढला.

"नको, भाऊ. एवढासा आहे. दोन काप वाया गेले तर उरेल काय?"

"माझ्या हातून वाया जातील असं वाटतं तुम्हाला?"

"माझ्याही जातील. पण मग मला दुसऱ्या कुणावर राग धरायला नको."

भाऊंना वाईट वाटलं, तरी ते बाजूला झाले. खरं सांगायचं तर तिला तो दुसऱ्याच्या हातात द्यायचाच नव्हता. हट्ट केला तिनं. आयुष्यभर नियमानं चालणारी माणसं हट्ट करतात तेव्हा नेमका चुकीच्या जागी करतात.

आधी एक्केचाळीस होता. तोही जिभेचाच, कुणा अनोळखी माणसाचा, वाईट असल्याचं आधीच ठरलेला. तो तिनं नेहमीसारखा कापला. मग कागदाची पट्टी फाडली. तेवढ्यात वरच्या खिडकीतून आवाज आला, "फलाट दोनवरची गाडी..." आणि एका शब्दावर आवाज अडला. एक क्षण कर्णा नुसता खरखरला. मग शब्द कसाबसा पुरा झाला. ती हातात पट्टी घेऊन वर बघत राहिली. त्यानंतर तिला आठवतं ते थेट यंत्राला लावलेला बेचाळीस, चाक फिरवणारा आपला हात आणि पाण्यावर पसरलेला इवलासा काप. मधलं काही नाही.

दुपारी रंग देऊन काच वाळली. ती वर डॉक्टरांकडं पाठवायची, बघायची नाही, हाही नियमच. पण एक नियम मोडला होता, दुसरा मोडायला वेळ लागला नाही. ती मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली.

बघावं काय आणि कुठं, हे तिला काचा तपासणाऱ्या मोठ्या डॉक्टरांनी शिकवलं होतं, फार वर्षांपूर्वी, हौसेनं. जिभेचं कातडं म्हणजे पेशींचे एकावर एक थर. अगदी तळाची रांग तेवढी पिलं घालणारी. तिथली पेशी दोन होते, त्यातली एक वर सरकते, वर जाताजाता चपटी होते, टोकाला पोचून मरते आणि थुंकीबरोबर निघून जाते. जीभ रोज अशी झडते आणि रोज नवी होते. दर वेळी दोन होताना पेशीला आपल्या आतला सगळा मजकूर, कसं जगायचं, कधी वाढायचं, कधी थांबायचं, हे अक्षर न् अक्षर उतरून काढावं लागतं. उतरताना चुका होतात. दुरुस्ती करणारेही आतच बसलेले असतात, ते बहुतेक चुका निस्तरतात. नाहीच निस्तरली तर पेशीनं स्वतःला संपवायचं, असाही कायदा आहे. "मग बिघडतं कुठं?" तिनं तेव्हा विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, "चूक नेमकी 'थांब' लिहिलेल्या ओळीवर झाली की. तीही एक होऊन भागत नाही. चार-पाच चुका एकाच घराण्यात साठाव्या लागतात, त्याला वर्षं जातात. सतत घासत राहिलं, जखम होत राहिली, की पेशींना जास्त वेळा उतरून काढावं लागतं आणि चुकायची संधी वाढते. पण काहीही न करता नुसत्या दैवानंही होतं. आणि ताई, ती पेशी बाहेरची नसते. आपलीच असते. म्हणून तर शरीराचे पहारेकरी तिला हटकत नाहीत."

तेव्हा हे ऐकायला तिला गंमत वाटली होती.

आता काचेवर तळाची रांग रांगेत नव्हती. तळापासून टोकापर्यंत सगळ्या पेशी काळ्याभोर, फुगलेल्या, कुणी आडव्या कुणी तिडव्या. जिथं मरायला टेकायचं तिथंसुद्धा दोन होत बसलेल्या. तिनं सगळ्यात खाली पाहिलं. थरांच्या तळाशी एक बारीक रेघ असते. तिच्यावर पेशींचं घर, तिच्याखाली रक्तवाहिन्या. बिघडलेल्या पेशी रेघेच्या वर आहेत तोवर त्या कितीही माजल्या तरी अडकून असतात. रेघ विरघळवून खाली उतरल्या की त्यांना रक्त मिळतं, वाट मिळते, मग मान, मग फुप्फुस. रेघ शाबूत होती. तिनं दोनदा, तीनदा तपासली. शाबूत होती. देवा, असं ती मोठ्यानं म्हणाली.

मग काच थोडी सरकली आणि कडेला, मोठ्या तुकड्यापासून सुटा पडलेला एक कण दिसला. त्यात रेघ नव्हती. पेशींची बेटं खोल उतरली होती.

तिनं डोळा काढला आणि पुन्हा लावला. कण तिथंच होता. तेव्हा तिच्या मनात जे आलं ते सव्वीस वर्षांत कधी आलं नव्हतं. हा पाहुणा असू दे. एक्केचाळीसचा असू दे. आपल्या हातून चूक झालेली असू दे.

दुसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी तिला बोलावलं. दार लावून घेतलं.

"बेचाळीस तुमच्या घरचा, हे मला माहीत आहे, ताई. तुम्ही काच बघितलीत हेही माहीत आहे, तुमच्या तोंडावर लिहिलंय. मोठ्या तुकड्यात रेघ आहे. या कणात नाही. भाऊंकडून मी आणखी खोलवर काप काढून घेतले, त्यात हा कण कुठंच नाही. एक तर तो तेवढाच होता आणि संपला, नाहीतर तो त्यांचा नाहीच. एक्केचाळीसमध्ये अगदी अशीच बेटं आहेत."

"हो."

"मला एकच सांगा. मधे पाणी पुसलं होतं?"

"आठवत नाही."

हे उत्तर डॉक्टरांनी तिच्याकडून कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी हळू आवाजात सगळं मांडलं. कण पाहुणा असेल तर वरवरचा थर काढायचा, ऑपरेशनच्या यादीत नाव घालायचं, दोन-तीन महिन्यांत नंबर लागेल, जीभ जशीच्या तशी. कण त्यांचाच असेल तर आठवड्याच्या आत जिभेचा मोठा भाग आणि मानेतल्या गाठी काढायच्या.

"पुन्हा तुकडा नाही घेता येणार?"

"येईल. पण तो त्याच जागेवरून निघेल कशावरून? या वेळी निसटता निसटता सापडलाय. पुन्हा निसटला तर आपण खूश होऊन बसून राहू." ते थांबले. "चूक झाली असेल तर झाली. इतक्या वर्षांत एक. बाहेर कुणाला कळणार नाही. पण उद्या सकाळपर्यंत मला नक्की सांगा."

संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, "काय म्हणतात मग तुझे डॉक्टर?"

"रिपोर्ट अजून व्हायचाय."

"तू बघितलंस?"

"मी फक्त काप काढते."

तो नखानं टेबल खरवडत बसला. "जीभ काढतात का गं त्यात?" त्यानं विचारलं, आणि लगेच आपणच हसला. "म्हणजे काढली तर तुला घरात शांतता मिळेल, तेवढाच फायदा." तिला हसू आलं नाही. त्यालाही आलं नव्हतं. पहिल्यांदाच तिला तो म्हातारा दिसला.

शुक्रवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी तळमजल्यावर पोचली. मेणाचा कचरा आठवड्यातून एकदा, शुक्रवारी दुपारी उचलत. कोपऱ्यात तो डबा होता. बुधवारच्या पट्ट्या त्यात असणार, हे तिला कालच डॉक्टरांसमोर बसल्याबसल्या आठवलं होतं. ती बोलली नव्हती. रात्रभर तिनं ते स्वतःलाही बोलू दिलं नव्हतं.

तिनं डबा जमिनीवर पालथा केला आणि गुडघ्यांवर बसली. मेणाचे पापुद्रे, चुरगळलेले कागद, त्यात पट्ट्या. वाळून कडक झालेल्या, कोपऱ्यावर तिचं बारीक अक्षर. छत्तीस. चव्वेचाळीस. एकोणचाळीस. माणूस हरवलेली वस्तू सापडावी म्हणून शोधतो. ती एक्केचाळीस सापडू नये म्हणून शोधत होती. त्रेचाळीस मिळाली. बेचाळीस मिळाली. चाळीस मिळाली. तिनं बुधवारच्या सगळ्या ओळीनं फरशीवर मांडल्या. पस्तीसपासून अठ्ठेचाळीसपर्यंत सगळ्या होत्या, मधे एक जागा रिकामी. तिनं कचरा पुन्हा चिवडला, मग तिसऱ्यांदा. नाही. एक्केचाळीस नव्हती. तिनं पाणी पुसलं नव्हतं!

ती भिंतीला टेकून बसली. दोन दिवसांत प्रथमच तिचा श्वास छातीच्या तळापर्यंत गेला. आपल्या हातून पाहुणा आला, आपली अब्रू गेली, आणि तिला आनंदानं रडू फुटलं. डोळे पुसत ती पट्ट्या गोळा करू लागली. चाळीस उचलली तर ती जाड लागली. मेणानं तिच्या पाठीला आणखी एक पट्टी चिकटली होती. तिनं नखानं सोडवली. कोपऱ्यावर, जरा वाकडं, घाईत लिहिलेलं: एक्केचाळीस. आणि तिच्यावर मेणाचे बारीक कण, पाण्यावरून उचललेले.

हातानं आपलं काम केलं होतं. ती वर बघत असताना, आवाज अडलेला ऐकत असताना, तिच्या हातानं पाणी पुसलं होतं, उभं आणि आडवं, आणि नंबरही टाकला होता.

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. ती पट्टी तळहाताएवढीही नव्हती. मुठीत मावली असती, मोरीत वाहून गेली असती. डॉक्टर उत्तराची वाट बघत होते आणि "नव्हतं पुसलं" हे दोन शब्द तिच्या जिभेवर तयार होते. नवऱ्याची जीभ राहिली असती. वरून कर्ण्याचा आवाज आला असता, उद्या, परवा, पुढच्या महिन्यात. तिला वाटलं, करावं असंच. मनापासून वाटलं. मग तिला त्या काळ्या पेशी दिसल्या, टोकापर्यंत दाटलेल्या. रिपोर्टात काहीही लिहा, त्या काही रिपोर्ट वाचत नाहीत. यादीत नाव घालून आपण तीन महिने निवांत बसलो असतो आणि त्या क्षणभरही बसल्या नसत्या. दोन्हीकडून भीतीच होती. ती पट्टी घेऊन उठली.

तिनं पट्टी मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "पाणी स्वच्छ होतं. कण आमचाच आहे."

डॉक्टरांनी पट्टी उलटसुलट पाहिली. चष्मा काढला. "बसा, ताई," ते म्हणाले. ती बसली नाही. बसली असती तर पुन्हा उठवलं नसतं.

ती तशीच पांढऱ्या कोटात रस्ता ओलांडून स्टँडवर गेली. घोषणेची खोली म्हणजे काचेची पेटी, दोन माणसं उभी राहिली की भरते. त्यानं तिला बघितलं आणि माइकचं बटण बंद केलं. इतक्या वर्षांत ती तिथं कामाच्या वेळी कधी आली नव्हती, म्हणून काय झालं हे त्याला विचारायची गरज पडली नाही.

"बोलता येईल ना?" त्यानं एवढंच विचारलं.

"येईल. असं नाही येणार."

बाहेर एका ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मग दुसऱ्यानं. गाडी सुटायची वेळ झाली होती आणि घोषणा नव्हती. तो तिचा हात धरून उभा होता. त्याचा हात गार होता. शेवटी त्यानं बटण दाबलं, "फलाट एकवरची गाडी सुटत आहे," म्हणाला आणि पुढं काही बोलला नाही. बाकावरची माणसं माना वळवून काचेकडं बघू लागली.

ऑपरेशन मंगळवारचं ठरलं. आगारप्रमुख सोमवारी आवाज भरून ठेवायचं एक यंत्र घेऊन आले. "रेडिओ, तुमच्याशिवाय स्टँड मुका होईल. सगळ्या गाड्या एकदा बोलून ठेवा." तो दिवसभर बोलला. सगळे फलाट, सगळ्या गाड्या, सकाळच्या, संध्याकाळच्या. अडलेला शब्द पुन्हा पुन्हा बोलला, स्वच्छ येईपर्यंत. कर्णा चालूच होता, ती खाली आपल्या टेबलावर बसून ऐकत होती. एकच गाडी सात वेळा सुटताना तिनं ऐकली.

काढलेला मोठा तुकडा खाली आला तेव्हा तिनं हात लावला नाही. चष्मेवाल्या भाऊंनी कापला आणि प्रत्येक ठोकळ्यानंतर पाण्यावरून पट्टी फिरवून तिच्यावर नंबर टाकला. चिडवणं त्यांनी कधीच सोडलं होतं. डॉक्टरांनी रिपोर्ट तिला वाचून दाखवला. रेघ आणखी एका जागी, खोलवर तुटलेली होती. मानेतल्या गाठींपैकी एकीत पेशी पोचल्या होत्या, नुकत्याच. "तीन महिने थांबलो असतो तर..." डॉक्टर म्हणाले आणि वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

याला आता दीड वर्ष झालं. किरणांचे शेक झाले, वजन गेलं, थोडं परत आलं. तो स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसतो. जाड, घोगऱ्या बोलीत वेळा सांगतो. लोकांना कळलं नाही तर पाटीवर लिहून देतो, आणि पाटीवरसुद्धा गरजेपेक्षा जास्तच लिहितो. कर्ण्यातून मात्र त्याचाच जुना आवाज येतो, ठणठणीत, एकही अक्षर न अडखळता. गावाला फार बरं वाटतं. तिला तो आवाज ऐकवत नाही. पूर्वी त्यावरून तिला सगळं कळायचं. आता तो रोज सारखाच असतो, रोज बरा असतो. ज्या दिवशी नवरा तापानं फणफणला होता त्या दिवशीही कर्ण्यातला आवाज ठणठणीतच होता. भाऊंनी एकदा विचारलं, "ताई, खिडकी लावू का?" ती हो म्हणाली.

दर तीन महिन्यांनी तपासणी असते. डॉक्टर म्हणतात, तेवढी पुरे. तिला पुरत नाही. दुपारी एक वाजला की ती रस्ता ओलांडते, चौकशीच्या खिडकीमागं जाते आणि म्हणते, "काहीतरी बोला." तो बोलतो. ती मान खाली घालून ऐकते, कुठं नवीन अडलंय का. एखादा शब्द जरा जास्त घोटाळला की ती पर्समधून टॉर्च काढते.

"उघडा."

"आणखी तीस वर्षं हेच करणार का तू?" त्यानं परवा जाड जिभेनं विचारलं.

"करू द्या," ती म्हणाली आणि टॉर्च लावला.